थांबते का?

काटकसर हा बाईचा दागिना, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. जुन्या साडीची गोधडी करायची, गोधडी विरली की तिचं पायपुसणं करायचं. जी बाई काहीच वाया घालवत नाही तिचं सासरी-माहेरी कौतुक होतं. त्या कौतुकात एक प्रश्न मात्र राहून जातो. जुनी वस्तू धरून ठेवणं हा गुण कुठपर्यंत आणि हव्यास कुठून पुढे? माळ्यावर बंद मिक्सर आठ वर्षं पडून असतो. "होईल कधीतरी दुरुस्त," असं आपण म्हणतो. ही काटकसर म्हणायची, की सुटत नाही म्हणून धरून ठेवणं? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आत काय आहे ते ओळखायचं कसं?

मला याचं उत्तर भांड्याकुंड्यांत सापडलं नाही. एका बंद पडलेल्या मोटारीने ते थोडंफार शिकवलं. मोटारीतलं मला फार कळतं असं नाही, पण तिच्या खर्चाची वही माझ्याकडे होती, आणि वहीतून माणसाचं मन बरंच कळतं.

आमचं घर लहरीपुऱ्यात. बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दरवाजे आहेत. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट, आणि मधोमध मांडवी. दरवाज्याबाहेर न्यायमंदिर आणि सुरसागर, आत कपड्यांची दुकानं, हातगाड्या, शाळेची पोरं, गाई आणि त्या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा. इथे मोटार चालवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून तूप वाढत जाण्यासारखं आहे. कुणाच्या अंगावर सांडू नये एवढंच बघायचं.

दीरांचा मुलगा एका दुकानात हिशेब लिहितो. पगार बेताचाच. २०२२ च्या दिवाळीनंतर त्याने १६,००० रुपयांना एक प्रीमियर पद्मिनी घेतली. मॉडेल १९८९ चं, आणि सहा वर्षं एका वाड्यामागे उभी. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, मागच्या सीटवर मांजरीचं बिऱ्हाड. सासूबाईंना गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नाही आणि नवी गाडी परवडत नाही, असं त्याचं कारण. दीर संतापले. "स्वस्तात गाडी नाही मिळत, डोकेदुखी मिळते!" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, गांधीनगरच्या परिषदेत जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण जाहीर झालं होतं. सरकारच मोडा म्हणतंय आणि हा जोडायला निघालाय, असा त्यांचा सूर होता.

पद्मिनी म्हणजे कोण, हे आपल्या वयाच्या बायकांना सांगायला नको. कुणी तिला फियाटच म्हणायचं. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. ती कंपनी उभी केली वालचंद हिराचंद यांनी. १८८२ साली सोलापूरला, आपल्याच समाजाच्या घरात जन्मलेले. आगबोटी, विमानं, मोटारी या देशात व्हायला हव्यात म्हणून आयुष्यभर झटले आणि १९५३ साली गेले. पद्मिनी हे नाव त्यांनी पाहिलं नाही, ते सत्तरच्या दशकात आलं. त्यांच्या मागे ही गाडी कित्येक घरांची पहिली मोटार झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीही झाली.

पुतण्या वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काकू, हिशेब तू ठेव. माझ्या हातात राहिला तर मी स्वतःलाच फसवीन." पहिल्या पानावर त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. गाडीच्या किमतीसह एकूण ७०,००० रुपये. इंजिन जाम निघालं तर तिथेच थांबायचं आणि मिळेल त्या भावाने विकायची.

या दोन ओळींनी मला विचारात पाडलं. आपल्याकडे गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण नावाचं व्रत आहे. त्यात साधूसारखं सगळं सोडायचं नसतं. आपल्याला किती पुरे, हे आधी ठरवायचं आणि मग तिथेच राहायचं. त्यात 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. मन शांत असताना रेघ ओढायची, कारण वस्तू समोर आली, हात काळे झाले, जीव गुंतला की मन रेघ पुढे सरकवतं. 'एवढे घातलेच आहेत, आता अजून थोडे घातले नाहीत तर ते वाया जातील,' हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! कोर्टाच्या दाव्यात, मोडत्या धंद्यात, नको त्या नात्यातसुद्धा. घातलेले पैसे परत येत नसतात. पुढे घालायचे की नाही एवढंच हातात असतं. हात आखडला की आपण त्याला तंगी म्हणतो. पण तीच रेघ स्वतःच्या हाताने, आधी ओढली तर तिला व्रत म्हणता येतं. फरक पैशाचा नाही, कुणी ओढली याचा आहे.

मिस्त्रीने पहिल्या दिवशी किल्ली फिरवूच दिली नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला घाईने स्टार्टर मारला तर आतला गंज इंजिन खरवडतो, असं त्याने सांगितलं. प्लग काढून सिलिंडरांत थोडं थोडं तेल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहिलं. फिरलं! तो पहिला टप्पा. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकटा झाला होता, कार्बुरेटरची बारीक भोकं बुजली होती आणि रबरी नळ्या वाळून तडकल्या होत्या. टाकी धुतली. पंप, नळ्या, प्लग, पॉइंट, ऑइल मिळून ९,३०० रुपये झाले. टोचन करून आणायचे १,२००, बॅटरीचे ४,२००, चार टायरांचे १०,००० आणि मजुरी ८,०००. कागदपत्रांसाठी आम्ही ९,५०० आधीच बाजूला काढले होते. १५ वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली होती. त्यात दंड आणि विमा धरला. गाडीची किंमत मिळवून बेरीज झाली ५८,२००. उरले ११,८००.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी गाडी सुरू झाली. धूर निघाला, गल्लीतली पोरं ओरडली, जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आणि खरा प्रश्न तिथून पुढे सुरू झाला.

पंधरा दिवसांवर घरात लग्न होतं. पुतण्याला गाडी रंगवून न्यायची होती. रंगाचे १२,००० सांगितले होते, घासाघीस केली तर ११,००० ला जमलं असतं. आणि ब्रेक? ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी उभी राहिली की चाकांतले छोटे सिलिंडर आतून गंजतात आणि रबर गळायला लागतं. या गाडीचं पेडल पहिल्यांदा दाबलं की खाली जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की लागायचं. सगळं नीट करायचं तर ११,००० च. "लागतो की ब्रेक," मिस्त्री म्हणाला. "दोनदा दाबायची सवय झाली की झालं. पुढच्या दिवाळीला करू." पुतण्याला ते पटत होतं. वहीत पैसे एकाच कामाचे होते.

आल्यागेल्या प्रत्येकाने विचारलं होतं, "चालते का?" सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी उलटं विचारलं.

"थांबते का रे?"

"थांबते गं आजी. दोनदा दाबलं की थांबते."

"आणि दुसऱ्यांदा दाबायच्या आत कुणाचं पोर मध्ये आलं तर?"

पुतण्या काही बोलला नाही. बराच वेळ चाकापाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने ब्रेकचं सामान आणलं. लग्नाला गाडी फिक्या, डाग पडलेल्या रंगातच गेली. भावंडांनी थट्टा केली. कुणी म्हणालं, भंगारवाला आला वाटतं. त्याला ते लागलं, मला दिसत होतं. वहीत ८०० रुपये उरले होते. त्याने रंगासाठी उधार घेतलं नाही.

पैसे थोडे असतात तेव्हा प्रश्न किती खर्च करायचा हा नसतोच, कारण ते आकड्यानेच ठरवलेलं असतं. प्रश्न आधी कशावर करायचा हा असतो, आणि तो प्रश्न नीतीचा आहे. रंग लावला असता तर गाडी माझी आहे, छान आहे, हे लोकांना दिसलं असतं. ब्रेक कुणालाच दिसत नाही. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असतो, आणि ते माणूस आभार मानायला येत नाही, कारण आपण वाचलो हे त्याला कळतच नाही. कायद्यालाही हे कळलेलं आहे. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा घ्यावाच लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा घेतला तर घेतला.

स्वयंपाकघरात हेच आपण रोज बघतो. कुकर नवा दिसावा म्हणून घासघासून चमकवतो, पण सेफ्टी व्हॉल्व्ह जुनाच ठेवतो. शिट्टी होतेय ना, मग चालतोय! शिट्टी कुकर चालल्याची खूण आहे, वेळ आली तर वाफेला वाट मिळेल याची ती हमी नाही. दिवाणखान्याला नवे पडदे येतात, आणि कामवाल्या बाई ज्या वायरला हात लावतात ती टेपने गुंडाळलेली असते. ही काटकसर नव्हे. आपली बचत दुसऱ्याच्या जिवावर टाकलेली असते.

त्याच वर्षी जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. राजेरजवाड्यांच्या गाड्या, आरशासारख्या चकचकीत. त्या जपल्या गेल्या हे चांगलंच झालं. तो इतिहास आहे, त्यात कारागिरांचे हात आहेत. पण मला वाटलं, पैशाला अंत नसला की आधी काय आणि नंतर काय हे ठरवावं लागत नाही. ब्रेकही होतो, रंगही होतो. आपण कोणाला आधी मोजतो, हे तंगीतच उघडं पडतं.

आणि जुनं जपलं म्हणजे पुण्य, असंही सरसकट म्हणता येत नाही. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. ही गाडी त्याआधीची. तिच्या धुराचा वाटा गल्लीतल्या सगळ्यांच्या छातीत जातो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. म्हणून ती निघते ती सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला किंवा देवदर्शनाला. भाजी आणायला पायीच जायचं, हे पुतण्याने स्वतः ठरवलं. वस्तू आपल्याकडे असली म्हणजे ती वापरलीच पाहिजे असं नाही, हेही एक थांबणंच आहे.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची गोष्ट आपण वर्तमानपत्रात वाचली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. लोक हळहळले. मीही हळहळले. पण तिच्या जाण्याची तारीख वीस वर्षं आधीच ठरलेली होती. चांगल्या वस्तूलाही शेवट असतो, आणि तो आधी माहीत असला की निरोप नीट देता येतो. आमच्या गाडीच्या वहीतही आता शेवटच्या पानावर एक ओळ आहे. तळाचा पत्रा गंजून सुटला, किंवा पुढच्या वेळी नोंदणीच्या तपासणीत गाडी बसली नाही, तर हट्ट न करता ती मोडीत द्यायची. तिचा पत्रा वितळून दुसरं काही होईल. जपायचं म्हणजे कायमचं धरून ठेवायचं, असं थोडंच आहे?

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एवढंच. काटकसर आणि हव्यास वस्तूवरून ओळखता येत नाहीत. बंद मिक्सर दोघींच्या माळ्यावर असतो. ज्या बाईने त्याच्यावर किती खर्च करायचा आणि केव्हा सोडून द्यायचा हे ठरवलं आहे, आणि ज्या खर्चात दुसऱ्याचा जीव आहे तो पहिला केला आहे, तिची ती काटकसर. बाकीच्यांच्या माळ्यावर फक्त ओझं. पुढच्या वेळी घरात काही जुनं दुरुस्तीला निघालं, मग ती वस्तू असो, धंदा असो की एखादा जुना हट्ट, तर चालेल का हे सगळेच विचारतील. आपण बायकांनी थांबेल का हेही विचारावं.