माणूस आणि नाणे

गावाच्या नावाला कोणते शेपूट लावायचे, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो. पण कोल्हापुरात राहतो तो कोल्हापूरकर आणि पायात घालतो ती कोल्हापुरी. ही अदलाबदल करून पाहा. चप्पल काही बोलणार नाही. कोल्हापूरकर मात्र बोलेल, आणि तोही चप्पल हातात घेऊन! पुण्याचे तर त्याहून अवघड. पुणेकर व्हायला भाड्याची खोली पुरते; पुणेरी व्हायला स्वभाव लागतो.

देशांचेही तेच. अफगाणिस्तानातला माणूस 'अफगाण' आणि तिथले चलन 'अफगाणी'. आपण सर्रास माणसालाच अफगाणी म्हणून मोकळे होतो. म्हणजे आपल्याकडे पाहून कुणी "हा बघा, रुपया आला!" म्हणावे, तसेच. आम्हा बँकवाल्यांना त्यात फारसे गैर वाटत नाही म्हणा. काउंटरपलीकडचा माणूस आम्हाला तसाच दिसतो.

इथवर गंमत. पण 'अफगाण' हा शब्द मुळात पश्तूनांचा. त्या देशात ताजिक, हजारा, उझबेक अशी कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. २००४ च्या राज्यघटनेने सांगून टाकले की, प्रत्येक नागरिक अफगाण. हेतू चांगलाच. पण २०१८ मध्ये नवी इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रे निघाली आणि त्यांवरच्या या शब्दावरून वाद पेटला. काही म्हणाले, हे आमचे नव्हे, शेजाऱ्याचे नाव. दुसरे म्हणाले, अहो, देशाला एक नाव नको का?

दोघांचेही खरे, हीच तर पंचाईत! 'मराठी' आणि 'मराठा' यांतला फरक परप्रांतीयाला समजावताना आपल्यालाही घाम फुटतोच की. मग दुसऱ्याला हसायचे कोणत्या तोंडाने?

मला वाटते, समाईक नाव हे जॉइंट अकाउंटसारखे असते. पासबुकावर दोघांची नावे छापली, म्हणून खाते दोघांचे होत नाही. चेकबुक एकाच्याच खिशात आणि सही एकाचीच चालत असेल, तर दुसऱ्याने त्या पासबुकाचे करायचे काय? नाव सर्वांना देणे सोपे. कायद्याच्या एका ओळीत ते होते. अवघड आहे ते मूळ मालकाने "हे माझे" म्हणणे सोडणे. त्याने ते सोडले, की उरलेल्यांना तेच नाव आपले वाटू लागते. त्याआधी कितीही शिक्के मारा, नाव खात्यावरच राहते. माणसाला लागत नाही.