प्रेक्षकाचें ऋण

अडचणींत सांपडलेल्या संघाचा सामना पाहावयास जाणें हें प्रेक्षकाचें कर्तव्य आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु निष्ठा ही देणगी कीं देणें, हा जुना वाद त्याच्या पोटांत दडलेला आहे.

कॅनडांतील विनिपेग शहराची हकीकत या बाबतींत विचार करण्यासारखी आहे. तेथें हॉकी बर्फावर खेळतात, आणि विनिपेग जेट्स हा धंदेवाईक संघ त्या शहराचा अभिमान. शहराची वस्ती बेताची, संघाचा खर्च मोठा. त्यामुळें संघ डबघाईस आला. १९९५ सालीं नागरिकांनीं सभा भरविल्या, वर्गणी जमविली. मुलांनीं आपले गल्ले रिते केले. तरीही १९९६ सालीं संघ अमेरिकेंतील फीनिक्स येथें गेला. २०११ सालीं अटलांटाचा संघ विनिपेगास आला, तेव्हां हंगामाचीं १३,००० तिकिटें हां हां म्हणतां खपलीं. परंतु २०२४ च्या आरंभीं हाच आंकडा ९,५०० च्या खालीं आला होता. आणि तोही संघ उत्तम खेळत असतां! असें फार काळ चालावयाचें नाहीं, असें मालकांकडून सांगण्यांत आलें. ऐकणाऱ्यास १९९६ आठवल्यावांचून कसें राहील?

कोणी म्हणेल, प्रेक्षक कृतघ्न ठरले. आम्हांस हा न्याय एकांगी वाटतो. तिकिटास पैसे पडतात; घरखर्चाचा मेळ घालतांना तें न घेणाऱ्या गृहस्थास दोषी कसें ठरवावें? शिवाय जो संघ उद्यां परगांवीं जाऊं शकतो, त्यानें निष्ठा हक्कानें मागावी, हें विचित्र होय. विनिपेगच्या २०११ च्या आनंदांत अटलांटाचें दुःख मिसळलेलें होतें, हेंही विसरूं नये. त्या शहराचा आधींचा संघ १९८० सालीं असाच कॅल्गरीस गेला होता.

तथापि दुसरी बाजूही आहे. जें आपल्या गांवीं असावें असें आपणांस वाटतें, त्यास आपल्या उपस्थितीवांचून आधार नाहीं. निरोपाच्या दिवशीं रडणें सोपें. आगमनाच्या दिवशीं रांग लावणें त्याहून सोपें. कडाक्याच्या थंडींत, एखाद्या सामान्य सायंकाळीं, कांहीं विशेष घडण्याची आशा नसतां जाऊन बसणें, हीच निष्ठेची खरी कसोटी. हें ऋण असलेंच तर तें शेजारच्या आसनावर बसणाऱ्या आपल्या गांवकऱ्याचें आहे. मालकास तें मागण्याचा अधिकार नाहीं. परंतु म्हणून आपणही तें स्वतःपाशीं मागूं नये, असें मात्र निष्पन्न होत नाहीं.