निवडक तीनशे आणि मौनाचे पाप



आमचे कालगुर्ली हे सोन्याच्या खाणींचे गाव. १८९३ साली पॅडी हॅनन व त्याच्या दोन सोबत्यांना येथे सोने सापडले, तेव्हापासून गावाचे पोट खाणीवरच चालते. जमिनीखाली काम करणाऱ्याचा जीव सोबत्याच्या हाती असतो. वरचा खडक सैल दिसला तर ओरडून सांगावे लागते. सोबत्याची चूक झाकण्यासाठी कोणी गप्प बसला, तर तोही त्याच्याबरोबर गाडला जाईल.

लढाईतील लहान तुकडीचेही असेच असते. ऑस्ट्रेलियाच्या एस.ए.एस. या निवडक पलटणीची छावणी येथून सुमारे सहाशे किलोमीटरांवर, पर्थजवळ स्वानबोर्न येथे आहे. तिचे जवान अफगाणिस्तानात पुन्हा पुन्हा पाठविले गेले. त्यांचे शौर्य कोणी नाकारीत नाही. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती पॉल ब्रेरटन यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. विशेष दलांतील २५ आजी-माजी सैनिकांचा ३९ जणांच्या बेकायदा हत्येत हात असल्याची विश्वसनीय माहिती मिळाल्याचे त्यात म्हटले आहे. मेलेले लोक कैदी किंवा नागरिक होते, आणि एकही हत्या लढाईच्या धुमश्चक्रीत झालेली नव्हती. अहवाल म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे, हे खरे. तरीही प्रश्न उरतोच: एवढे घडत असता इतकी वर्षे मौन का?

आपल्या शास्त्रात गिदोनाची कथा आहे. बत्तीस हजारांतून तीनशेच निवडले गेले, ते एवढ्याचसाठी की विजय आमच्या बाहुबळाने झाला, असा गर्व इस्राएलाने करू नये. कथा आपण येथवर सांगतो आणि थांबतो. पुढे काय झाले? भाकरी नाकारली म्हणून गिदोनाने सुक्कोथच्या वडील जनांना काट्यांनी शासन केले व पनुएलची माणसे मारली. लुटीच्या सोन्याचे त्याने एफोद केले, आणि तेच त्याच्या घराण्याला पाश झाले. त्या तीनशेंपैकी कोणी त्याचा हात धरल्याचे लिहिलेले नाही.

जो तेथे लढला नाही त्याने बोलू नये, असे कोणी म्हणेल. पण या चौकशीत चारशेहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे ऐकले गेले, आणि त्यांत त्याच तुकड्यांतून लढलेले जवानही होते. सोबत्यांविरुद्ध बोलणे त्यांना गोळीपुढे उभे राहण्यापेक्षा सोपे गेले असेल, असे आम्हांस वाटत नाही. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे की शेजाऱ्याचा दोष त्याला अवश्य दाखवावा, नाहीतर त्याच्या पापाचा भार आपल्यावर येतो. सोबत्याशी इमान म्हणजे त्याचे पाप झाकणे नव्हे. ते घडण्याआधी त्याचा हात धरणे होय.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे इस्राएलच्या सैन्यात आहेत. त्यांच्या सुखरूपतेसाठी आपण प्रार्थना करतोच. त्यांना निर्भय सोबती मिळोत, आणि वेळ आली तर त्या सोबत्यांना ‘थांब’ म्हणण्याचे धैर्यही मिळो, एवढे त्या प्रार्थनेत आपण जोडावे. आमेन.