दर्शकाचं प्रामाण्य

लाकूड कापायच्या टेबल सॉच्या फेन्सवरचा, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या आधारावरचा, दर्शक १०० मिलिमीटर दाखवतो. कापलेली पट्टी व्हर्नियर कॅलिपरमध्ये १००.६ भरते. मग खरं काय मानायचं?

ज्ञानाबद्दल हाच प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानातही आहे. मीमांसा दर्शन मानणाऱ्या मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक पुरावा मिळेपर्यंत ते खरंच धरावं. न्याय दर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटत नाही. प्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, बाहेरून, सफल कृतीतून ठरतं, असं ते सांगतात.

कारखान्यातला अनुभव नैयायिकांकडे झुकतो. वेगळ्या जाडीचं पातं चढवलं की दर्शक चुकू शकतो. तिरक्या नजरेनं पाहिलं तरी रेघ सरकल्यासारखी भासते. म्हणून आधी टाकाऊ फळी कापायची, मोजायची, स्क्रू सैल करून दर्शक मिळालेल्या मापावर आणायचा आणि पुन्हा कापून पाहायचं.

पण कॅलिपर कशावर तपासायचा? मीमांसकांचा हा अनवस्थेचा, म्हणजे पडताळ्याच्या न संपणाऱ्या साखळीचा, आक्षेप वजनदार आहे. नैयायिक त्यावर म्हणतात, शंका असेल तिथेच पडताळा घ्यावा. कपाटाचं दार चौकटीत नीट बसलं, की तिथे शंकेला कारण उरत नाही.