झटका आणि मौन

जुनी मोटार बाळगणाऱ्याला नीतिशास्त्र निराळं शिकावं लागत नाही. आणि तिचे गिअर आपोआप पडणारे असले, तर अध्यात्मही फुकटात पदरी पडतं. ‘मी करतो’ हा अहंकार उरतच नाही. आपण नुसता पाय दाबायचा, कर्ता-करविता गिअरबॉक्स! आमचा कर्ता-करविता मात्र वयोमानानं चिडका झाला होता. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना असा हिसका द्यायचा, की मागची मंडळी पुढच्यांना वाकून नमस्कार करीत.

विकण्यापूर्वी गाडी पवनारच्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं ती सपाटीवर उभी केली, इंजिन गरम होऊ दिलं, चालूच ठेवलं आणि तेलाची पट्टी काढून हुंगली.

“भाऊ, तेल लाल पाह्यजे. हे तं चहासारखं झालं. अन् कमीही हाय.”

या गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाचा जोर पुढे तेच पोचवतं आणि आतले क्लचही त्याच्याच दाबानं आवळले जातात. तेल कमी, की दाब अपुरा. दाब अपुरा, की झटका.

“हे तेल जळत नसते भाऊ. कमी झालं म्हंजे कुठूनतरी गळते. आधी ते पाहू. गिअरबॉक्स खोलाची घाई कायले?”

आमच्या शेजाऱ्यांना हा खर्च रुचला नाही. “विकायच्या गाडीवर पैसे घालता? बाजारात औषधाची बाटली मिळते. ओता! रबरी सील फुगतात, गळती काही दिवस थांबते. तेवढ्यात गाडी खपवा. विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर मौन. पवनारकरांना मौनाचं माहात्म्य कोणी सांगावं?”

खरंच आहे. विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभर मौन पाळलं ते इथेच, धाम नदीकाठी. पण त्या मौनात ते कोणाला गाडी विकत नव्हते!

मौनामौनात फरक असतो. गाडी झटके देत असताना मी गप्प बसलो, तर गाडी तरी बोलतेच. घेणाऱ्याला चक्कर मारून कळतं. पण आधी तिचं तोंड बंद करायचं आणि मग आपणही गप्प बसायचं, हे मौन नव्हे. हे न बोलता खोटं बोलणं. शिवाय तो हिसका पुढे कोणाला तरी बसणारच. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई असेल.

मी गळकं सील बदललं, तेल आणि फिल्टर बदलला. घेणाऱ्याला बिल दाखवलं आणि थंडीच्या सकाळी पहिला हिसका अजून बसतो, हेही सांगितलं. त्यानं लगेच पाच हजार उतरवले.

शेजारी अजून हळहळतात. स्वतःची स्कूटर मात्र हल्ली त्याच मिस्त्रीकडे नेतात. तो खरं सांगतो म्हणे!