दोन जन्मदिवस

जुलै महिना आला कीं लोकमान्य टिळकांच्या जयंतीचे वेध लागतात. तसबिरीला हार पडतो, शाळांतून मुलांचीं भाषणें होतात आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट पुन्हा एकदां सांगितली जाते. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं झाला. त्याच्या अवघे नऊ दिवस अगोदर, १४ जुलैला, त्यांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर जन्मले होते. हा दुसरा दिवस बहुधा स्मरणावांचूनच जातो. परंतु हे दोन दिवस शेजारीं ठेवून पाहिले, म्हणजे थोर पुरुषाची जयंती कशी करावी हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

टिळकांच्या थोरवीविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. १९०८ सालीं २२ जुलैच्या रात्रीं त्यांस राजद्रोहाबद्दल सहा वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशीं त्यांस बावन वर्षें पुरीं होत होतीं. मुंबईच्या गिरणीकामगारांनीं निषेधार्थ सहा दिवस काम बंद ठेवलें. मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं गीतारहस्य लिहिलें. तेथेंच १९१२ सालीं त्यांस पत्नीच्या निधनाची वार्ता ऐकावी लागली. स्वराज्यासाठीं एवढी किंमत मोजणारे पुरुष कोणत्याही देशांत थोडेच.

परंतु याच टिळकांनीं १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास कडाडून विरोध केला. मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारा करावें, एवढेंच त्या कायद्याचें म्हणणें होतें. बंगाल्यांत फुलमणि नांवाची कोंवळी मुलगी पतिसमागमानें मरण पावली, तें प्रकरण तेव्हां लोकांसमोर ताजें होतें.

यावर एक उत्तर ठरलेलें असतें: काळच तसा होता. हें आम्हांस पटत नाहीं. आगरकर त्याच काळाचे होते. दोघे डेक्कन कॉलेजांत एकत्र शिकले. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत दोघांनीं १०१ दिवस बरोबरच काढले. त्याच आगरकरांनीं 'सुधारकां'तून या कायद्याचा पुरस्कार केला. तेव्हां काळाला दोष देऊन सुटतां येणार नाहीं.

दुसरें उत्तर अधिक वजनाचें आहे. टिळक बालविवाहाचे अभिमानी नव्हते. सुधारणा इच्छिणाऱ्यांनीं आपल्या मुलींचीं लग्नें सोळा वर्षांपूर्वीं न करण्याचें बंधन स्वतःवर घालून घ्यावें, अशी सूचना त्यांनींच केली होती. परकीय सरकारानें आमच्या घरांत हात घालूं नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तत्त्व म्हणून तें क्षुद्र नव्हे. पण या तत्त्वाची किंमत ज्या मुलींनीं द्यावयाची, त्यांना कोणीं विचारलें होतें? स्वतःचा देह तत्त्वासाठीं तुरुंगांत झिजविणें हा त्याग होय. दुसऱ्याचा देह तत्त्वासाठीं वाट पाहावयास लावणें हा त्याग नव्हे. आमच्या मतें टिळकांची चूक नेमकी येथें आहे.

१९१८ सालीं मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेंत, ईश्वर अस्पृश्यता मानूं लागला तर आपण त्याला ईश्वरच मानणार नाहीं, असें ते बोलले; मात्र अस्पृश्यता स्वतः न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर त्यांची सही झाली नाहीं. वाणी आणि सही यांमधलें हें अंतर टिळकांपुरतेंच आहे, असें कोण म्हणेल? "मुलीला अजून शिकवूं, पण स्थळ चांगलें आलें आहे". "जात आम्ही मानीत नाहीं, पण लोक काय म्हणतील". हीं वाक्यें आपल्याच दिवाणखान्यांत ऐकूं येतात.

मग जयंती करावी कीं न करावी? अवश्य करावी. बापाची इस्टेट घ्यावयाची आणि कर्ज नाकारावयाचें, हें आपल्या जुन्या धर्मशास्त्रासही मान्य नव्हतें. टिळकांनीं मिळविलेलें धैर्य ही आपली इस्टेट. त्यांच्याकडून राहून गेलेलें देणें हेंही आपलेंच. तेव्हां २३ जुलैला हार घालावाच. परंतु त्याआधीं नऊ दिवस, १४ जुलैला, घरांतील मुलांना त्या दुसऱ्या मित्राची गोष्ट सांगावी, आणि जें करावयाचें आपण पुढें ढकलीत आलों आहों, त्याची किंमत घरांत कोण देत आहे, हें स्वतःला विचारावें.