नजरकैद

राजवाड्यासमोरच्या बागेत बसलो असता माझे एक सेवानिवृत्त अभियंता स्नेही म्हणाले, “अहो, खाणीची विषारी माती साफ करायला आता बुरशी निघाली आहे, ती म्हणे धातू खाते.” बुरशीविषयी माझी तक्रार नव्हती, परंतु ‘खाते’ हे क्रियापद मला घरी पोहोचेपर्यंत टोचत राहिले. भाकरी, लाकूड, चामडे यांचे घटक तोडून बुरशी त्यांवर जगते. पण मँगनीज किंवा शिसे ही मूलद्रव्ये, आणि जे तुटतच नाही ते खाल्ले कसे जाणार?

नाश आणि बंदोबस्त यांची गल्लत करण्याची आपली खोड जुनी आहे. स्वच्छतेचा पहिला क्रमांक वर्षानुवर्षे मिरवणाऱ्या आमच्या इंदुरास तर ती विशेष जडली आहे, कारण दारातून हललेला कचरा आम्ही नाहीसा झालेला समजतो. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेतल्या कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा आमच्याजवळच्या पीथमपुरास आणून पुढे भट्टीत जाळण्यात आला, तेव्हा हेच स्नेही ‘सुटलो एकदाचे’ म्हणाले होते. वस्तुतः ज्वलनात मिसळलेल्या चुन्यामुळे मागे उरलेला अवशेष मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरला, आणि त्यातले धातू अग्नीलाही नष्ट करता आले नाहीत. “मग धातू उचलूनच न्यावा,” हा त्यांचा पुढचा तोडगा. कोठे न्यावा, या प्रश्नावर मात्र ते चहा मागवतात.

नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीवर नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जे केले, त्यावर, धातू नाहीसा झालाच कोठे, असाच आक्षेप मी प्रथम घेत होतो. खाणीतून उपसलेल्या निर्जीव मुरमाच्या ढिगांत त्यांनी साखर कारखान्यांतला प्रेसमड नावाचा गाळ, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, म्हणजेच मायकोरायझा, घालून झाडे लावली. बुरशीचे तंतू, मुळे जेथे पोहोचत नाहीत तेथून पाणी व स्फुरद आणतात. धातूचे कण मात्र त्यांच्या भित्तिकांना चिकटतात, काही पेशींतील कोठ्यांत कोंडले जातात, आणि वर पाने-फळांकडे जाणारा त्यांचा ओघ पुष्कळदा मंदावतो. ढिगाऱ्यावरची माती मुळांनी बांधली गेल्याने पावसाळी पाण्याबरोबर ती ओढ्यात उतरत नाही. धातू जागच्या जागीच राहतो. त्याला फिरण्याचा परवाना तेवढा मिळत नाही.

या बुरशीची कैफियत इंदुरास अपरिचित नसावी. येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’त आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्टाची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध करून १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, आणि पुढे १९४० च्या आपल्या ग्रंथात हॉवर्ड मायकोरायझाचे कट्टर वकील झाले. गावाचे नाव जगभर गेले ते पोह्यांपूर्वी खतामुळे, हे सराफ्यात उभ्या असलेल्या खवय्यांस सांगून पाहावे!

असो. हा धातूचा निग्रह आहे, शुद्धी नव्हे, असे ठणकावून लिहायला बसलो आणि ‘नजरकैद’ हा शब्द लेखणीतून उतरताच अडखळलो. कारण नागपूरच्या भोसल्यांनी कैदेत ठेवलेले आमचे यशवंतराव होळकर १७९८ साली तेथून निसटले, आणि त्याचा अर्थ पुण्यास १८०२ साली त्यांच्या स्वारीने कळला. कैद पहाऱ्याइतकीच पक्की. तंतू मेले, माती आम्ल झाली, की कोंडलेला धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतो. तरीही भट्टीकडे, खड्ड्याकडे आणि ‘उचलून न्या’कडे पाहता मला आता वाटते की ज्याचा नाश संभवत नाही त्याच्यापुरता बंदोबस्त हीच शुद्धी आहे, आणि मी ज्या भेदावर इतका हटून बसलो होतो तो येथे मिटतो. मात्र ‘माती साफ झाली’ असा शेरा मारून दफ्तर बंद केले की पहारेकऱ्याची तैनातीही खर्चातून वगळली जाते. गुमगावच्या झाडांत साग आहे. त्याचा घेर भरला की कोणीतरी मोजफीत घेऊन त्या टेकाडावर चढेल, आणि त्याच्या हातातल्या कागदावर बुरशीचा उल्लेख नसेल.